तुमचा सूर्य आमच्या आधी, मग एकादशी मागे कशी?

न्यूझीलंडला आल्यानंतरची पहिली काही वर्षे मी आषाढी एकादशी गंगाखेडच्या दिनदर्शिकेप्रमाणेच धरत होते. आई ज्या दिवशी धरेल त्या दिवशी आपण धरायची, यापलीकडे त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कधी वाटलेच नाही. २०२३ साली मात्र ऑकलंडच्या स्थानिक पंचांगात आषाढी ३० जूनला, शुक्रवारी दिली होती आणि गावाकडे ती २९ जूनला, गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी मी आईला फोन करून हे सांगितले, तेव्हा तिने क्षणभर थांबून विचारले, "तुमचा सूर्य आमच्या आधी निघायलाय, मग तुमची एकादशी आमच्या मागं कशी गं?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही, आणि मन बेचैन झाले. आमची आई माळकरी आहे. तुळशीची माळ, एकादशी आणि पंढरीची वारी ही वारकऱ्याची तीन बंधने तिने लग्नानंतर वर्षभरातच घेतली आणि आजवर निष्ठेने पाळली. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिकमास आला तर सव्वीस, तिच्या बोटांवर असतात. जनाबाईंचे जन्मस्थान असलेल्या गोदाकाठच्या आमच्या गावात एकादशी कोणती आणि कधी हे कुणाला विचारावे लागत नाही. पहाटे नदीकडे जाणारी माणसे दिसतात आणि कळते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या आधी परभणी, गंगाखेड, परळीवरून जाते, आणि पांढऱ्या वेशातल्या, खांद्यावर पताका घेतलेल्या त्या शिस्तबद्ध रांगा पाहिल्या की पंढरपूर किती दिवसांवर आले याचा हिशेब लहान मुलालाही लागतो. ऑकलंडमध्ये असा हिशेब लावून देणारे आसपास काहीच नसते, तो स्वतः बसून समजून घ्यावा लागतो.

तो मी गुरुवारी वहीत मांडला. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. शुक्ल पक्षात हे अंतर १२० अंश झाले की एकादशी लागते आणि १३२ झाले की संपते. तो क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो, घड्याळे तेवढी वेगवेगळी वेळ दाखवतात. व्रताचा दिवस मात्र त्या क्षणावरून ठरत नाही, आपापल्या सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावरून ठरतो. त्या वर्षी भारतात एकादशी गुरुवारी पहाटे ३ वाजून १८ मिनिटांनी लागली, गंगाखेडला पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवला तेव्हा ती चालू होती, म्हणून तिथे गुरुवारी एकादशी. त्याच क्षणी ऑकलंडच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ४८ मिनिटे झाली होती आणि आमचा सूर्य दोन तासांपूर्वीच, दशमीत, उगवून गेला होता. एकादशीला आमचा पुढचा सूर्य मिळाला तो शुक्रवारी, ७ वाजून ३४ मिनिटांनी. आईच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या प्रश्नातच होते. आमचा सूर्य आधी निघाला, म्हणूनच तिथीला तो गाठता आला नाही.

तरीही गुरुवार जड गेला हे मला मान्य केले पाहिजे. पंढरपुरातली पहाटेची शासकीय महापूजा इथे सकाळी नऊच्या सुमारास दूरदर्शनवर दिसते. चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी फुललेले समोर दिसत असताना आपण दशमीचे जेवण जेवायचे, हे मनाला पटत नव्हते. इथली अनेक मराठी कुटुंबे पंढरीच्या दिवशीच उपवास करतात, आणि त्यामागची ओढ मला पूर्ण समजते. पण उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणे असा आहे, आणि पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये व अकरावे मन एका जागी आणण्यासाठी हा दिवस आहे असे लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले आहे. ती अकरा जिथे आहेत तिथल्या सूर्याने हा दिवस ठरवावा, असा कौल मी स्वतःपुरता दिला आणि गुरुवारी एकभुक्त राहून शुक्रवारी एकादशी धरली.

फराळाची अडचण येत नाही. सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानांत साबुदाणा, भगर, राजगिरा सगळे मिळते. पण माझी आषाढी इथे उभी आहे ती कुमारावर. कुमारा म्हणजे माओरी लोकांचे रताळे. तांबडी साल, आत पांढुरका गर, आणि सालीच्या खाचांत अडकलेली माती ब्रशने घासून काढावी लागते इतकी घट्ट. किसणीवर किसून, तुपात जिरे आणि हिरवी मिरची टाकून, वरून शेंगदाण्याचा कूट घालून झाकण ठेवले की दोन मिनिटांत जी गोडसर वाफ येते, ती थेट आमच्या गंगाखेडच्या चुलीपाशी नेऊन बसवते.

या कुमाराची कहाणी कळल्यावर मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळे हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, आणि आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण दळत होत्या तेव्हा यातली एकही वस्तू त्यांच्या एकादशीच्या ताटात असणे शक्य नव्हते, आपल्या भगरीसारखे तृणधान्य तेवढे इथल्या मातीतले. आणि साधारण त्याच काळात, तेराव्या-चौदाव्या शतकात, माओरींचे पूर्वज होड्यांतून महासागर ओलांडून या बेटांवर उतरत होते, आणि रताळ्याचे कंद त्यांनी सोबत आणले होते. म्हणजे रताळे या भूमीत आपल्या मराठवाड्यापेक्षा जुने आहे.

माओरींचे नववर्ष, मातारिकी, हेही याच थंडीत येते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. पहाटे त्या पुन्हा दिसू लागल्या की वर्ष सुरू होते, आणि चंद्राच्या कलांवरून दिवस ठरत असल्याने तारीख दरवर्षी बदलते. २०२२ पासून या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते, २०२३ मध्ये ती १४ जुलैला होती. त्यामुळे "तुमचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला कसा?" हा प्रश्न मला माझ्या माओरी सहकाऱ्यांनी कधीच विचारला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचलाच सूर्य मावळला. आषाढ म्हटला की मराठवाड्यात मृगाची पेरणी, आर्द्राचा पाऊस आणि आभाळाकडे लागलेले डोळे (त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता आणि आईच्या बोलण्यात विठ्ठलाइतकाच पावसाचा विषय होता), आणि इथे मात्र आषाढ म्हणजे कडाक्याचा गारठा. अंगणात गेले तेव्हा एकादशीचा चंद्र ईशान्येला वर आला होता. दक्षिण गोलार्धात तो आपल्या दृष्टीने उलटा दिसतो. गावाकडे शुक्ल पक्षात उजवी बाजू उजळलेली असते, इथे डावी. पहिल्या वर्षी हे पाहून मी दचकले होते. आता हात जोडले जातात.

त्या दुपारी आईचा फोन आला होता. तिच्याकडे बारस होती, नैवेद्य दाखवून झाला होता, भाकरी आणि डाळीची भाजी ताटात होती. मी तिला तिथीचे गणित सांगितले, तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तू बारस कधी सोडायलीस?" मी वहीत पाहिले. शनिवारी सूर्योदय ७ वाजून ३४ मिनिटांनी होता आणि द्वादशी पावणेआठच्या सुमारास संपत होती. पारण्याला जेमतेम बारा-तेरा मिनिटे होती. आई म्हणाली, "गजर लाव. आन् तुळशीचं पान आजच तोडून ठेव, बारशीला तोडू नाही."

तुळस आमच्या खिडकीत काचेच्या आड आहे, बाहेर थंडीत टिकत नाही. पान मी फोन ठेवताच तोडून वाटीतल्या पाण्यात ठेवले. शनिवारी सातलाच उठून दिवा लावला, भाकरी थापली आणि पूर्वेच्या खिडकीशी उभी राहिले. समोरच्या छपरावर ऊन पडले तेव्हा घड्याळात ७ वाजून ३९ मिनिटे झाली होती. पान तोंडात ठेवून मी पाणी प्याले.