डॅक परत केला, रॉकवुल आणलं

आमच्या रविवारच्या बैठकीतल्या एका काकांनी त्यांचा दोन लाखांचा डॅक (डिजिटल संगीताचं अ‍ॅम्पला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी) महिनाभर माझ्याकडे ठेवला होता, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो महिना संपला. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितो.

माझा संच तोच आहे: जुन्या बाजारातून घेतलेले बुकशेल्फ स्पीकर, साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आणि नऊ हजारांचा डॅक. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, एक कपाट, एक दिवाण.

पहिल्या संध्याकाळी किशोरीताईंचा भूप लावला आणि खरोखर अंगावर काटा आला. तानपुऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू येत होती, आवाज पुढे येऊन बसल्यासारखा वाटला. वहीत लिहिलं, ‘फरक स्पष्ट’. बायकोलाही बोलावून ऐकवलं, तीही हो म्हणाली. त्या रात्री मी माझे स्पीकर विकून काय काय घेता येईल याचा हिशेबही मांडला होता.

दोन दिवसांनी दोन्ही डॅकचं आउटपुट मल्टिमीटरने मोजलं. (साधा मल्टिमीटर असेल तर ५० हर्ट्झचा टोन वाजवून मोजा; वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वस्त मीटर चुकीचे आकडे दाखवतात.) माझा डॅक २.०० व्होल्ट देत होता, काकांचा २.२२. म्हणजे महागडा डॅक सुमारे ०.९ डेसिबलने मोठा वाजत होता. एवढी वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळते. सॉफ्टवेअरमधून त्याचा आवाज उतरवून दोन्हीकडे मीटरवर एकच आकडा आणला, आणि मग झाकून चाचणी घेतली. बायको पडद्यामागे स्विचपाशी बसली. ती नाणं उडवायची, छापा आला तर हा डॅक, काटा आला तर तो, आणि वहीत टिपून ठेवायची. मी फक्त ओळखायचं. वीसपैकी ११ बरोबर आले. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा वीस फेऱ्या केल्या, ९ बरोबर. नुसत्या अंदाजाने मिळत नाही म्हणावं असा निकाल हवा असेल तर विसात किमान १५ तरी लागतात.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पहिल्या संध्याकाळचा तो काटा खरा होता. पण डोळ्यांना दिसलेलं कानात उतरतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकरवर हेच करून पाहिलं होतं: तेच श्रोते, तेच स्पीकर, पण समोर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआड दिलेले गुण वेगळे पडले. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगबद्दलही २००७ मधला मेयर आणि मोरान यांचा प्रयोग आहे. उच्च दर्जाचा सिग्नल मधेच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून फिरवला, तर ५५४ फेऱ्यांमध्ये ऐकणाऱ्यांनी २७६ वेळा बरोबर ओळखलं. जवळजवळ निम्मे.

स्पीकरचं मात्र तसं नाही. ऑगस्टमध्ये माझी आणि एका मित्राची जोडी पडद्यामागे ठेवली, आवाज जुळवला, आणि तिघांनाही पहिल्या दोन आवर्तनांतच कुठली कुठली ते कळलं. बऱ्यापैकी डॅक ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ०.१ डेसिबलच्या आसपास सरळ असतो, चांगला स्पीकरसुद्धा दोन-तीन डेसिबल वरखाली जातो. पैसे जायचेच असतील तर तिथे जावेत.

केबलबद्दल थोडक्यात. गेल्या वर्षी एका दुकानात मला बावीस हजारांची केबल सुचवली होती आणि मी ती जवळजवळ घेतली होती. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, म्हणजे ०.०७४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरसमोर यातून ०.१ डेसिबलसुद्धा जात नाही. मी विजेच्या दुकानातली वायर लावली.

आता खोली, जिच्यासाठी खरं तर ही नोंद लिहायला बसलो. तबल्यातला बायाँ माझ्याकडे कायम फुगून यायचा, घिस्सा (तळहात घासून काढलेला नाद) ऐकूच येत नसे, नुसता घुमारा. दोष अ‍ॅम्पचा असं मी तीन वर्षं मानत होतो. मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन मोजलं, तर ग्राफवर ४३ आणि ८६ हर्ट्झला डोंगर उभे. ध्वनीचा वेग ३४३ मीटर सेकंदाला, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे ८ ने, भागलं की ४३ येतात. त्याची दुप्पट ८६. खोलीची लांबीच वाजत होती. आणि माझा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, जिथे हे दोन्ही डोंगर सर्वांत उंच असतात.

दिवाण अर्धा मीटर पुढे ओढला. ८६ चा डोंगर साधारण सहा डेसिबलने खाली आला. खर्च शून्य.

मग रॉकवुलचे (दगडापासून केलेल्या, आवाज शोषणाऱ्या लोकरीचे) घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब आणले, दोन-दोन एकावर एक ठेवून १० सेंटिमीटर जाडी केली, सुताराकडून चार चौकटी करून घेतल्या आणि वरून मांजरपाट ताणला. हातमोजे आणि मास्क घालाच, ते तंतू दोन दिवस खाजतात. दोन पॅनेल समोरच्या कोपऱ्यांत तिरकी, दोन बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून कानाकडे वळतो तिथे. सगळं मिळून साडेसात हजार. टाळी वाजवली की घरभर जो टणत्कार उठायचा तो गेला. ताईंचा मुखडा संपून आवाज कुठे विरतो ते आता ऐकू येतं. ४३ हर्ट्झ तसाच आहे, एवढ्या जाडीला तो दाद देत नाही. त्याच्यासाठी आता इक्वलायझर लावून बघणार आहे.

डॅक परत द्यायला गेलो तेव्हा काकांना वहीच दाखवली. त्यांनी दोन्ही पानं नीट वाचली. म्हणाले, “मी हा विकणार नाही रे. रोज संध्याकाळी तो लावला की बरं वाटतं.” ते मला पूर्ण पटलं. त्यांचा पैसा, त्यांची संध्याकाळ. निघताना त्यांनी विचारलं, माइक कधी आणतोस? त्यांच्या हॉलमध्येही बायाँ घुमतो. येत्या रविवारी मोजायला जातोय, ग्राफ पुढच्या नोंदीत टाकतो.