क्षारांच्या बरण्या: ११ चिठ्ठ्या लागल्या, हिराकसाने अडवले

माझ्या १४ बरण्यांपैकी ११ बरण्यांवर आता नाव आणि रेणुसूत्र अशी दोन ओळींची चिठ्ठी लागली आहे. पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरातून आणलेल्या जाड्या मिठाची चिठ्ठी सर्वांत सोपी ठरली, कारण सोडियम आणि क्लोरीन या दोघांचीही संयुजा, म्हणजे इतरांशी जोडले जाण्याची क्षमता, १ आहे. मात्र या मिठाला पावसाळ्यात जे पाणी सुटते, ते मुख्यतः त्यातील मॅग्नेशियम क्लोराईडमुळे, आणि त्यात मॅग्नेशियमची संयुजा २ असल्याने एका मॅग्नेशियमला दोन क्लोराईड लागतात. तरीही नावात ‘डाय’ येत नाही. आयनिक, म्हणजे विद्युतभारित कणांनी बनलेल्या, संयुगांत ही संख्या संयुजेवरून ओळखायची असते.

पानाच्या चुन्याने कंस शिकवला. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे सूत्र मी आधी सीए, ओ, एच आणि शेवटी २ असे सलग लिहिले होते. त्यामुळे तो २ एकट्या हायड्रोजनला लागू पडला. हायड्रॉक्साइड हे संमिश्र मूलक (एकत्र वावरणारा अणूंचा गट) अख्खे दोनदा घ्यायचे असल्याने ओएच कंसात आणि २ कंसाबाहेर हवा. मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, तांबे आणि सल्फेट या दोघांचीही संयुजा २ असल्याने कंस लागत नाही, केवळ टिंबानंतर पाण्याचे ५ रेणू लिहावे लागतात.

खरा वेळ गेला तो हिराकसावर. हे फेरस सल्फेट, पाण्याच्या ७ रेणूंसह. झाकण सैल राहिल्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या हिरवट स्फटिकांवर पिवळसर तपकिरी थर चढला, तेव्हा मी घाईने फेरिक सल्फेट अशी नवी चिठ्ठी लावली आणि तिरकस गुणाकार करून, म्हणजे लोहाची संयुजा ३ सल्फेटला आणि सल्फेटची २ लोहाला देऊन, दोन लोह व कंसातील सल्फेट तीनदा असे सूत्रही लिहिले. सूत्र अचूक होते, पण ते त्या बरणीचे नव्हते: वरचा थर बेसिक फेरिक सल्फेटचा असतो, आणि खालचे स्फटिक अजून हिरवेच होते. जुनी चिठ्ठी परत लावून थराची नोंद खाली वेगळी केली आहे.

या निमित्ताने फेरस-फेरिक ही नावे सोडून जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवलेली, धातूच्या नावापुढे कंसात त्याची संयुजा रोमन अंकात देण्याची पद्धत मी स्वीकारली. फेरसमधील लोहाची संयुजा २, तर क्युप्रसमधील तांब्याची १; म्हणजे ‘अस’ हा प्रत्यय कमी संयुजा एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही.

तुरटी, नवसागर आणि सोरा बाकी आहेत. तुरटीत पोटॅशियम १ आणि ॲल्युमिनियम ३ मिळून ४ होतात, म्हणून सल्फेट दोन. पाण्याच्या १२ रेणूंसह एवढे लांब सूत्र मावेल अशी चिठ्ठी कापून ठेवली आहे.