कन्व्हर्टिबलची थरथर आणि बंपरमागचं लोखंडी वजन

सेकंडहँड कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी गाडी) घेतली की थोडी थरथर धरूनच चालायची, पण माझ्या गाडीत ईस्टर्न फ्रीवेवरच्या प्रत्येक जॉइंटला आतला आरसा इतका हलायचा की मागे कुठली गाडी आहे तेच दिसायचं नाही, डॅशबोर्डपण थरथरायचा.

आधी सगळे सांगतात तेच केलं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मग शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश. आवाज गेले, थरथर तिथेच. चाकाचा बॅलन्स गेला असता तर ठराविक स्पीडला सपाट रस्त्यावरही थरथरली असती, ही मात्र कुठल्याही स्पीडला आणि फक्त जॉइंट किंवा पेव्हर ब्लॉक लागला की, म्हणजे चाकं नाही, बॉडीच हलत होती.

छप्पर नसलं की गाडी झाकण काढलेल्या चपलांच्या खोक्यासारखी होते, लगेच पिळते. म्हणून कंपन्या दारांखालचा भाग जाड करतात, खाली आडवे-तिरके आधार, म्हणजे क्रॉस ब्रेस, टाकतात (वजन त्यानेच वाढतं), तरी थोडा पीळ उरतोच, साधारण १५-२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १५-२० हेलकावे. आणि चाकं उसळतात तीपण १०-१५ हर्ट्झने, म्हणजे जवळजवळ तीच फ्रिक्वेन्सी, मग बॉडी झुलणारच ना.

त्यावर उपाय म्हणजे ट्यून्ड मास डॅम्पर. रबरवर किंवा स्प्रिंगवर बसवलेलं वजन, बॉडीच्याच फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं. बॉडी एकीकडे जाते तेव्हा ते उलटं ओढतं आणि थरथरीची ताकद रबरात जिरते. पीळ कोपऱ्यांत सगळ्यात जास्त जाणवतो म्हणून ते बसवतातही कोपऱ्यांतच. आयडिया जुनी आहे, हर्मन फ्राम या जर्मन इंजिनियरने १९०९ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता.

शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका जुन्या मेकॅनिकने मागचा बंपर खोलला आणि म्हणाला, "साहेब, इकडचं वजन कुठे गेलं?" उजवीकडे लोखंडी ठोकळा, डावीकडे नुसता ब्रॅकेट. आधीच्या कुठल्यातरी डेंटिंगमध्ये फालतू समजून काढलेलं असणार, याचा मला खरंच राग येतो, त्या ठोकळ्यावर कुणीतरी किती डोकं लावलेलं असतं.

एकाने सुचवलं की कुठलंही वजन वेल्ड करून टाका. अजिबात नको! फ्रिक्वेन्सी ठरते रबरचा कडकपणा आणि वजन दोन्हीवर, वेल्ड केलं की ते नुसतं ओझं. रबर म्हातारं होऊन कडक झालं तरी फ्रिक्वेन्सी वर सरकते, म्हणून उजवीकडचंही बदललं, त्याच मॉडेलची जुनी जोडी शोधून, रबरला भेगा नाहीत हे बघून.

आधी आणि नंतर मोबाईल विंडशील्डच्या वरच्या फ्रेमला टेपने घट्ट चिकटवून व्हायब्रेशनच्या ॲपवर ग्राफ घेतला. आधी एकच उंच टोक होतं, आता त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बुटकी टोकं दिसतात, डॅम्पर नीट जुळला की असंच व्हायला हवं. आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. टप उघडला की थोडं हलतं अजून, आता खालच्या क्रॉस ब्रेसचे बोल्ट टॉर्क रेंचने चेक करून घेणार आहे.