डोळ्यांचं एक वर्ष आणि पर्समधली ती बाटली

मागच्या वर्षी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले ते फक्त नंबर काढायला. वय 42, मोबाईल हळूहळू हाताच्या टोकापर्यंत गेलेला, औषधाच्या पाकिटावरचं बारीक वाचायला मुलाला हाक मारायची वेळ आलेली, म्हणजे चाळिशी लागली हे मलाही कळत होतं आणि घरातल्यांनाही. अर्ध्या तासात चष्मा घेऊन घरी असं डोक्यात होतं.

तिथे आधी ते हवेचा फुस्स करून झोत मारणारं मशीन असतं ना, डोळ्याचं प्रेशर बघायचं, त्यावर बसवलं. मी दोन्ही वेळा दचकले. असिस्टंट मुलीने आकडा बघितला, परत घेतला, परत बघितला आणि काही न बोलता कागदावर लिहून आत नेला. आत डॉक्टरांनी पिवळा थेंब घालून निळ्या लाईटमध्ये दुसऱ्या पद्धतीने मोजलं. उजवा 28, डावा 26. साधारण 10 ते 21 मध्ये असायला हवं म्हणे. मला काहीही होत नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. उलट गेले कित्येक महिने डोळे इतके स्वच्छ पांढरे होते की मी खूश होते.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काही घालता का?" मी म्हटलं छे, औषध काही नाही, ते साधे ॲलर्जीचे ड्रॉप्स तेवढे. आणि पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली आणि म्हणाल्या, "हे किती दिवस?"

आठ महिने.

तर झालं होतं असं की आदल्या वर्षी डोळ्यांना प्रचंड खाज सुटलेली तेव्हा एका डॉक्टरांनी ते ड्रॉप्स दहा दिवसांसाठी लिहून दिले होते. दहाच दिवसांसाठी, चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं. पण दोन दिवसांत जादू झाल्यासारखे डोळे निवळले, मग पुढच्या वेळी चुरचुरलं की मी दुकानात जाऊन तीच रिकामी बाटली दाखवायची आणि नवीन घ्यायची, कोणी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही दिली नाही. त्यात स्टिरॉइड होतं. चूक माझीच आहे, आणि सगळ्यात राग कशाचा येतो तर नाव बाटलीवरच छापलेलं होतं, मी वाचलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं बारीक मला दिसतही नव्हतं 😅

मला समजलं ते असं: डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरा होत असतो. स्टिरॉइडमुळे काही लोकांत हा निचरा मंदावतो, पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं आणि मागच्या नसेवर दाब पडत राहतो. नस खराब व्हायला लागली की तो काचबिंदू. गेलेली नजर त्यात परत येत नाही, आणि आधी कडेचं दिसणं जातं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, समोरचं तर छान दिसत असतं. शिवाय असे ड्रॉप्स खूप दिवस घातले तर मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. आणि हे सगळं चालू असताना डोळा बाहेरून मस्त पांढराशुभ्र.

मग पुढचा प्रश्न, घरात कोणाला काचबिंदू? मी नाही म्हणून मोकळी झाले. घरी येऊन आत्याला फोन केला तर ती सहज म्हणाली, "अगं आईला नव्हतं का, शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला आपटायची, आम्हाला वाटायचं म्हातारपण." आजीला डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता आणि आमच्या पिढीत ते कोणालाच माहीत नाही! रक्ताच्या नात्यात असेल तर आपला धोका वाढतो, म्हणून हा फोन तुम्हीही करून ठेवा.

नंतरच्या आठवड्यात टेस्टा. बुबुळाची जाडी (पापुद्रा जाड-पातळ असेल तर प्रेशरचा आकडा थोडा फसवा येतो), नसेचा स्कॅन आणि कडेचं किती दिसतं ते बघायची ती फिल्ड टेस्ट. फिल्ड टेस्ट मी विसरणार नाही. एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकवलेली, समोर पांढरी वाटी, मध्ये एक ठिपका, त्याच्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठेही बारीक लाईट चमकला की बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काहीच दिसेना. मला घाम फुटला, वाटलं संपलं, मी आजीच. काही वेळा तर नुसत्या शंकेने बटण दाबलं. बाहेर येऊन रडवेल्या आवाजात सांगितलं तर डॉक्टर हसल्या. म्हणे मशीन मुद्दाम लाईट मंद करत करत तुमची हद्द शोधतं, चांगल्या डोळ्यालाही बरेचसे लाईट दिसत नाहीत. हे वाक्य आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो!

नस शाबूत निघाली. ते ड्रॉप्स बंद, काही आठवडे प्रेशर कमी करायचे थेंब, दोन आठवड्यांनी 22, दीड महिन्याने 17. मग तेही बंद करून बघितलं, टिकलं. (ज्यांचं कुठल्या आजारासाठी स्टिरॉइड चालू आहे त्यांनी हे वाचून मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

पण गंमत पुढे आहे. जादूची बाटली गेली आणि चुरचुर परत आली. तेव्हा कुठे मूळ दुखणं सापडलं, डोळ्यांचा कोरडेपणा. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, 10 मिलिमीटरच्या वर ओली व्हायला हवी, माझी 5 वर थांबली. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो आणि मिटतो त्याही अर्धवट. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की अश्रू टिकत नाहीत, लगेच उडून जातात.

त्यावर उपाय इतका साधा की मला आधी पटेना. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल बंद डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं, गार झाला की परत बुडवायचा, मग पापणीच्या कडेवरून हलक्या हाताने मसाज. आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंसारखे थेंब. फरक पडायला महिना गेला. 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघायचा नियम मला काही पाळता येत नाही, मीटिंगमध्ये कोण घड्याळ लावणार, मी फक्त प्रत्येक फोन खिडकीपाशी उभं राहून घेते. निळ्या लाईटवाला महागडा चष्माही घेतला होता, त्याने डोळ्यांचा शीण कमी होतो याला पुरावा नाही असं नंतर कळलं, तो ड्रॉवरमध्ये आहे.

वर्षभराचं म्हणाल तर प्रत्येक ऋतूचं गाऱ्हाणं वेगळं. फुलोऱ्याच्या आणि धुळीच्या दिवसांत खाज, तेव्हा थंड पट्टी आणि बिनस्टिरॉइडचे ॲलर्जीचे थेंब, चोळायचं मात्र नाही, सारखं चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो. उन्हात यूव्ही 400 लिहिलेला गॉगल, नुसती काळी काच नको, अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. साथीत मुलाचे डोळे आले तेव्हा टॉवेल, उशी वेगळी केली आणि हात धुवत राहिलो. बघून लागण होत नाही, हाताने होते. थंडीत हवाच कोरडी, रुमाल दोनदा.

थेंब घालायचंही मी नव्याने शिकले. आधी तीन-तीन घालायचे आणि निम्मं औषध गालावरून कानात. डोळ्यात एकच थेंब कसाबसा मावतो. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करायचा, थेंब टाकून डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबायचा, म्हणजे घशात कडू उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहिते, सहसा महिन्याने टाकायची असते.

आता सहा महिन्यांनी प्रेशर आणि वर्षाने फिल्ड टेस्ट, फोनमध्ये रिमाइंडर आहे. दादानेही डोळे तपासून घ्यावेत म्हणून मात्र चार महिने त्याच्या मागे लागले होते, तो आपला "मला नीट दिसतंय" यावर ठाम. शेवटी वहिनीने परस्पर शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. त्याला मेसेज टाकलाय की बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, पुढचे काही तास धूसर दिसेल, गाडी घेऊन जाऊ नकोस. त्याचं उत्तर आलंय, "मग तू ये ड्रायव्हर म्हणून."