बापाला घाम, लेकीला गारठा

जानेवारीतली पहाट. साडेपाचला आरोग्य केंद्रासमोर जीप थांबली. आई, बाबा, सात महिन्यांची मुलगी आणि बारी गावातला एक गाईड. कळसूबाईवरून (१६४६ मीटर) सूर्योदय बघायचा म्हणून मंडळी तीनला निघाली होती. मुलगी बाबांच्या पाठीवर, कॅरिअरमध्ये.

"इतकी गुणाची आहे डॉक्टर, वाटेत एकदाही रडली नाही," बाबा म्हणाले. माझ्या पोटात गोळाच आला.

बाळाचे हात-पाय गार लागले तर मी लगेच घाबरत नाही, ते तसे असतातच. पोट चाचपलं. तेही गार! काखेत ३५.१ अंश सेल्सिअस, निदान ३६.५ हवं. लोंबत्या पायांत नुसते सुती मोजे, डायपर तुडुंब. बाबांचा शर्ट मात्र घामाने चिंब. चढणाऱ्याचं अंग तापतं, पाठीवरचं बाळ हालचाल न करता वारा खात बसतं, आणि या वयात धड कुडकुडताही येत नाही. आपल्याला उकडतंय म्हणजे लेकही उबदार असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"शेकोटीजवळ नेऊ?"

"नको, कातडी भाजेल. ताई, तुम्ही घ्या तिला."

ओले कपडे काढले, अंग कोरडं केलं, टोपी घातली आणि तिला आईच्या उघड्या छातीशी लावून दोघींवर ब्लँकेट टाकलं. कमी वजनाच्या बाळांसाठी आम्ही शिकवतो तेच कांगारू केअर. गारठ्यात साखर उतरू शकते म्हणून तीही तपासली, ठीक होती. ती अंगावर ओढेना, तेव्हा सिस्टरने आईचं दूध काढून चमच्याने थेंब थेंब पाजलं. गिळत होती, तेवढा धीर आला.

"रात्री तंबूत शेगडी होती?" हा प्रश्न मी थंडीत तंबूत राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला विचारते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानेही बाळ असंच गुंगीत जातं.

"नव्हती. बाहेरच शेकलो."

सुटकेचा श्वास टाकला.

अर्ध्या वाटेत गाईडने सहज कॅरिअरमध्ये हात घातला होता. "साहेब, पोर लई गप झालीय. खाली चला." बाबांना शिखर जवळ वाटत होतं, तो हटून बसला.

सातला तापमान ३६.६. मग तिने असं भोकाड पसरलं की सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा गाईडला शोधत बाहेर धावले. तो दुसऱ्या गटाला घेऊन केव्हाच डोंगराकडे गेला होता.