अलास्का: ध्वजावरचे सप्तर्षी आणि आकाशातले

अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या ध्वजावर गडद निळ्या कापडात आठ सोनेरी तारे आहेत. सात सप्तर्षींचे आणि कोपऱ्यातला थोडा मोठा आठवा ध्रुवाचा. आपल्याकडे लग्नात वधूवरांना दाखवायचा तारा पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला एका राज्याची खूण कसा झाला, या कुतूहलापोटी मी आणि पत्नीने आमच्या सहलीची आखणीच या ध्वजाभोवती केली आणि त्यासाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडला. जून-जुलैत गर्दी असते, हवाही बरी असते, पण तेव्हा रात्र इतकी उजळ राहते की तारे दिसतच नाहीत. ऑगस्टअखेरीस काळोख परततो, डास ओसरतात आणि टुंड्रावरची खुरटी झुडपे तांबडी होऊ लागतात. पाऊस मात्र वाढतो, तेव्हा चांगला रेनकोट न्यावाच.

हे राज्य महाराष्ट्राच्या साधारण साडेपाच पट मोठे आहे आणि 2020 च्या जनगणनेनुसार तिथे 7,33,391 माणसे राहतात. राजधानी जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमानाने किंवा बोटीने जावे लागते. त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट सोडून सुअर्ड, अँकरेज, देनाली आणि फेअरबँक्स ही एकच उभी रेषा धरावी, असे माझे मत आहे. हे सुमारे 780 किलोमीटरचे अंतर मोटारीने किंवा रेल्वेने करता येते. मोटार भाड्याने घेताना करार नीट वाचावा. खडीच्या रस्त्यांवर गाडी नेण्यास मनाई करणारे कलम आम्ही सही केल्यानंतर वाचले आणि एका दिवसाचा बेत रद्द करावा लागला.

सुअर्ड हे बंदर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड यांनी 1867 मध्ये रशियाकडून 72 लाख डॉलरला अलास्का विकत घेतले, आणि त्याबद्दल त्यांची पुष्कळ टवाळीही झाली. मला मात्र या गावात ओढ होती ती बेनी बेन्सनची. आईच्या मृत्यूनंतर हा मुलगा अनाथाश्रमात आला आणि पुढे आश्रमाबरोबर सुअर्डला राहू लागला. 1926 साली शाळकरी मुलांसाठी ध्वजाची स्पर्धा झाली, तेव्हा तेरा वर्षांच्या बेनीने हे तारे काढून पाठवले. निळा रंग आकाशाचा आणि फर्गेट-मी-नॉट या रानफुलाचा, ध्रुव हा सर्वांत उत्तरेला होऊ घातलेल्या राज्याचा आणि सप्तर्षी म्हणजे बलवान मोठे अस्वल, असा अर्थ त्याने सांगितला होता. 1927 मध्ये विधिमंडळाने तो ध्वज स्वीकारला. अलास्का राज्य झाले ते त्यानंतर 32 वर्षांनी, 3 जानेवारी 1959 रोजी. आश्रमाची इमारत आता पाडली गेली आहे, पण बेनीचे छोटे स्मारक गावात आहे. जवळच्या एक्झिट हिमनदीकडे चालत जाताना वाटेवर साल लिहिलेल्या पाट्या लागतात. त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता, ते त्या दाखवतात. 2010 च्या पाटीपाशी उभे राहिलो, तर समोर नुसते दगडगोटे आणि बर्फ पार वर दरीत सरकलेला.

देनाली राष्ट्रीय उद्यानात खासगी गाडी पहिल्या 15 मैलांपर्यंतच जाते, पुढे बस, आणि तिची तिकिटे आधीच काढावीत. 2021 पासून दरड सरकल्याने रस्ता 43 व्या मैलाशी बंद झाला, त्यामुळे निघण्यापूर्वी सद्यःस्थिती पाहणे आवश्यक आहे. 6190 मीटरचे देनाली शिखर दोन दिवस ढगातच राहिले; मूस या थोराड हरणाची एक मादी आणि तिचे पिल्लू तेवढे दिसले. अस्वलांसाठीचा फवारा विमानात कोणत्याही सामानात चालत नाही, तो तिथेच विकत घ्यावा. शाकाहारी मंडळींनी अँकरेजलाच किराणा भरून घ्यावा, कारण पुढे दुकाने तुरळक आहेत.

फेअरबँक्सजवळ तेलवाहिनी रस्त्यालगत पाहता येते. तिच्या खांबांच्या माथ्यावर जाळीदार पंख्यांसारखे पत्रे लावलेल्या नळ्या आहेत. खालची गोठलेली जमीन वितळून खांब खचू नयेत म्हणून त्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता बाहेर टाकतात.

त्याच रात्री आकाश मोकळे झाले. गावाच्या दिव्यांपासून दूर, रात्री दीडच्या सुमारास आम्ही गाडीबाहेर उभे राहिलो. पुण्यात गच्चीवरून ध्रुव जेमतेम अठरा अंशांवर, शेजारच्या इमारतीमागे लपलेला असतो. इथे तो पासष्ट अंशांवर होता आणि पाहायला मान मागे टाकावी लागली. ज्या वेळी पुण्यात सप्तर्षी क्षितिजाखाली गेलेले असतात, त्या वेळी इथे ते स्प्रूस झाडांच्या शेंड्यांवर उभे होते, कारण या अक्षांशावर ते कधी मावळतच नाहीत. वसिष्ठाशेजारची अरुंधती पत्नीला लगेच दिसली. मला चष्मा दोनदा पुसावा लागला.