शेजारच्या दोन भोकांतलं अंतर

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोटो आला. गंजलेला फ्लँज, म्हणजे पाइप एकमेकांना बोल्टांनी जोडायची भोकांची चकती, अर्धा टॉर्चच्या उजेडात, अर्धा अंधारात. खाली एक ओळ : "मामा, चार इंची आहे. सकाळी इंडेंट द्यायचाय, काय लिहू?"

मी विचारलं, "शेजारच्या दोन भोकांतलं अंतर किती? मध्यापासून मध्यापर्यंत."

"चार इंची म्हटलं ना!"

हेच मी माझ्या पहिल्या नोकरीत कागदावर लिहून दिलं होतं. साखर कारखाना, ऑफ सीझन, आणि मी नवाकोरा डिप्लोमावाला. मिलच्या बेअरिंगांना थंड पाणी देणारी लाइन बदलायची होती. इंडेंटवर, म्हणजे स्टोअरला द्यायच्या मागणीच्या कागदावर, लिहिलं : एमएस (साध्या पोलादाचे) फ्लँज, ४ इंच, १२ नग. स्टोअरनं आणले, वेल्डरनं दोन दिवसांत पाइपांना जोडलेसुद्धा. मग खलाशांनी, म्हणजे अवजड माल उचलणाऱ्या गड्यांनी, पहिला पाइप उचलून जुन्या ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हसमोर धरला, आणि एक बोल्ट आत जाईल तर शपथ.

आठ भोकं इकडे, आठ तिकडे. बोल्टही दोन्हीकडे पाच सुतीच. पण व्हॉल्व्ह होता टेबल ईचा, त्याच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १७८ मिलिमीटर. स्टोअरनं आणलेले फ्लँज दीडशे क्लासचे, म्हणजे अमेरिकन मानकातले, पीसीडी १९०.५. टेबल ई हे बीएस १० नावाच्या जुन्या ब्रिटिश मानकातलं. तिकडे ते केव्हाच मागे पडलं, आपल्याकडे जुन्या कारखान्यांत आणि पाण्याच्या लाइनींवर अजून ठाण मांडून आहे. स्टोअरची चूक नव्हतीच. मी 'टेबल ई' हे दोन शब्द लिहिले नव्हते.

आमचे फिटर तात्या म्हणाले, "साहेब, गॅसनं भोकं लांबवू का?" मी हो म्हटलं. भोकं लंबगोल झाली, वॉशर अर्धे हवेत, बोल्ट तिरके. टेस्टला चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाबावरच पाणी उडायला लागलं. सगळे फ्लँज कापून काढले. चीफ इंजिनिअर एक शब्द बोलले नाहीत. ते बारा भोकंफाटके फ्लँज त्यांनी माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवायला सांगितले. गव्हाणीत मोळी पडली तरी ते तिथेच होते.

माप घ्यायची युक्ती तात्यांनीच नंतर शिकवली. सुटा फ्लँज असेल तर सोपं : एका भोकाच्या डाव्या काठापासून अगदी समोरच्या भोकाच्या डाव्याच काठापर्यंत टेप धरायची, तोच पीसीडी. पण लाइनला बसलेल्या फ्लँजच्या मधे पाइप येतो, टेप आरपार जात नाही. तेव्हा शेजारशेजारच्या दोन भोकांतलं अंतर घ्यायचं. आठ भोकं असतील तर त्याला २.६१ नं गुणायचं, चार असतील तर १.४१ नं. चार इंचीला ६८ आलं तर टेबल ई, ७३ आलं तर दीडशे क्लास. तात्यांना त्यातलं भूमितीबिमिती माहीत नव्हतं. ६८ आणि ७३ एवढं पाठ होतं.

'दीडशे क्लास'ला दुकानात सर्रास 'दीडशे पौंडी' म्हणतात, आणि नवीन माणूस समजतो की हा १५० पौंड दाबापर्यंतच चालतो. तसं नाही. साध्या कार्बन स्टीलचा, ए-१०५चा, दीडशे क्लास फ्लँज थंड पाण्यावर १९.६ बार घेतो, म्हणजे आपले २० किलो धरा. पण तोच २०० अंशांवर १३.८, आणि ३०० अंशांवर १०.२. तापमान चढलं की फ्लँजची ताकद उतरते. म्हणून इंडेंटवर नुसतं प्रेशर लिहून भागत नाही, तापमानही लिहावं लागतं. वाफेच्या लाइनचं तर आणखी एक आहे. आयबीआरच्या, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांच्या, कक्षेतली लाइन असेल तर फ्लँजबरोबर फॉर्म ३-सी हे प्रमाणपत्र हवं, आणि फ्लँजच्या कडेवर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओताचा नंबर, त्या कागदाशी जुळायला हवा. मी मुंबईला सी. पी. टँक, खेतवाडीच्या बाजूला पाइप-फ्लँजच्या दुकानांत माल घ्यायला गेलो की आधी चष्मा लावून तो नंबर वाचतो आणि मगच चहा घेतो.

ओतीव व्हॉल्व्हचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो आवाज अजून कानात आहे. स्टीलच्या फ्लँजचा मधला भाग १.६ मिलिमीटर उंच असतो, रेज्ड फेस. ओतीव व्हॉल्व्हचं तोंड सपाट. दोघांमधे आम्ही बोल्टांच्या आत बसणारं रिंगसारखं पॅकिंग टाकलं आणि पान्याला पाइप लावून आवळलं. कडेला आधार नाही, मधे टेकू, आणि बोल्ट ओढतायत बाहेरून. टक्. एवढाच आवाज. व्हॉल्व्हचा कान तुटून तात्यांच्या बुटाजवळ पडला. ओतीव लोखंड वाकत नाही, सांगून-सवरून तुटतही नाही. आता मी अशा जागी स्टीलचा फ्लँज लेथवर सपाट करून घेतो आणि भोकांसकट पूर्ण तोंडाचं पॅकिंग टाकतो.

पॅकिंग. गॅस्केट म्हणा, पण साइटवर सगळे पॅकिंगच म्हणतात. लाखाच्या पंपापुढे ही सगळ्यात फुटकळ वस्तू, म्हणून ती निवडायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. स्टोअरमधे जी शीट असेल ती. ती फ्लँजवर ठेवायची, हातोडीनं कडेकडेनं ठोकायची, भोकं पाडायची, झालं. दिसायला मस्त कसब आहे, मीही हौसेनं शिकलो. पण फ्लँजच्या तोंडावर बारीक गोल रेषा असतात ना, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, त्या पॅकिंगला धरून ठेवण्यासाठी असतात. हातोडीनं त्याच चेपतात. कात्रीनं नाहीतर कटरनं कापा, दहा मिनिटं जास्त लागतील.

जाड पॅकिंग म्हणजे दणकट पॅकिंग, हा तर आपला लाडका गैरसमज. दोन्ही तोंडं समांतर असतील तर ३ मिलिमीटरपेक्षा दीड मिलिमीटरचं जास्त टिकतं. आतल्या दाबाला ढकलायला कड कमी मिळते. आणि एकावर एक दोन पॅकिंगं टाकणाऱ्याला मी अजून लाइनवरून हाकलतो.

माझी स्वतःची फजिती काळ्या रबरानं केली. स्टोअरमधे दोन शीट होत्या, एक नायट्राइल, एक ईपीडीएम. दोन्ही काळ्या, दोन्हींवरचा खडूचा मजकूर पुसलेला. ईपीडीएम गरम पाण्याला आणि बॉयलिंग हाउस साफ करताना फिरवतात त्या कॉस्टिकला छान, पण तेलाशी त्याचं हाडवैर. मी ते लावलं टर्बाइनच्या ल्युब ऑइलच्या लाइनला. आठवड्याभरात फ्लँजच्या फटीतून ते फुगून बाहेर आलं, भिजलेल्या पापडासारखं. तेव्हापासून शीट आली की मी चारही कोपऱ्यांवर पांढऱ्या पेंटनं नाव घालतो, आणि कापताना नाव शाबूत राहील असं कापतो.

वाफेला स्पायरल वापरतो, म्हणजे धातूची पट्टी आणि मऊ भरण वेटोळ्यांत गुंडाळलेलं पॅकिंग. बाहेरच्या रिंगची कड पिवळी म्हणजे आतली पट्टी ३०४ स्टेनलेसची, हिरवी म्हणजे ३१६ची. राखाडी पट्टे म्हणजे भरण ग्रॅफाइटचं. ही स्पायरलं भिंतीच्या खिळ्याला टांगू नका. मोठ्या मापाची स्वतःच्याच वजनानं अंडाकृती होतात आणि बसवताना आतले वेटोळे सुटून घड्याळाच्या स्प्रिंगसारखे अंगावर येतात.

आट्यांबद्दल थोडक्यात. अर्धा आणि पाऊण इंचीत ब्रिटिश पद्धतीचा बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी, दोन्हींचे इंचाला १४ आटे. त्यामुळे एकात दुसरा बिनदिक्कत तीन-चार फेरे जातो आणि अडतो. वाटतं, घट्ट बसला. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. वर टेफलॉन टेपचा अख्खा रोल गुंडाळा, प्रेशर गेजखाली थेंब साठणार ते साठणारच.

भाच्याला यातलं काहीच टाइप केलं नाही. रात्रीचे दहा वाजत आले होते. त्याचं उत्तर आलं :

"६८. म्हणजे टेबल ई ना?"

"थांब. पीएन १६, म्हणजे युरोपियन मानकातला, असेल तर ६९ येतं. पीसीडी १८०. गंजावर टेपनं एक मिलिमीटर कळत नाही. बाहेरचा व्यास बघ. २१६ की २२०?"

पाच मिनिटं काही नाही. मग : "मामा, २१८ येतंय."

"खरवड आणि परत माप," म्हटलं, आणि दिवा घालवला.